हौशी रेडिओ संघटनेची निवडणूक बिनविरोधच कशासाठी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या गेल्या रविवारच्या अंकात, आमच्या किनारपट्टीवरील हौशी रेडिओ संघटनेच्या येऊ घातलेल्या निवडणुकीविषयी एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. छंदाच्या संघटनेतही आता राजकारण शिरले, असा त्या पत्राचा सूर असून, सचिवपदासाठी दुसरा अर्ज दाखल झाल्यामुळे इतक्या वर्षांची बिनविरोध निवडीची परंपरा खंडित होत असल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आहे. तो दुसरा अर्ज माझा आहे, म्हणून हे उत्तर. माझे नाव छापू नये अशी विनंती मी सोबत केली आहे, कारण मत केवळ सभासदांना आहे आणि वृत्तपत्रातून स्वतःच्या नावाचा डंका पिटणे मला प्रशस्त वाटत नाही. नाव, पत्ता आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे माझे ओळखनाव, आपल्याकडे दिलेले आहेत. त्याच कारणाने संघटनेचे किंवा इतर कोणाचेही नाव मी येथे घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना ते कळेलच.

संघटनेतील मतभेद चार भिंतींत मिटवावेत, ते चव्हाट्यावर आणू नयेत, असे पत्रलेखकांचे म्हणणे आहे. हे म्हणणे त्यांनी वृत्तपत्रातूनच मांडले, ही गंमत क्षणभर बाजूला ठेवू. आमची संघटना म्हणजे संध्याकाळी पत्ते कुटणारी मंडळी नव्हे. डोंगरावरचा आमचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा दूरवर पोचवणारे यंत्र, ज्या जागेवर उभा आहे ती जागा ग्रामपंचायतीने ठराव करून वापरायला दिलेली आहे. तो रिपीटर २०२० च्या वादळानंतर मच्छीमारांनी, बागायतदारांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी दिलेल्या पैशांतून आलेला आहे. आणि पावसाळ्याआधी तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाची जी बैठक होते तिच्यात आमच्या प्रतिनिधीला बोलावले जाते. तेव्हा या संघटनेचा सचिव कोण होतो आणि कसा होतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्या वाचकांना आहे, असे मी मानते.

ज्यांना हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हौशी रेडिओ, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या बिनतारी सेटवरून एकमेकांशी बोलणे, ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात, तो चालवण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते, आणि उत्तीर्ण झाल्यावर परवाना व ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे कॉलसाइन मिळते. भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली हौशी केंद्र सुरू केले, ते पहिले मानले जाते. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये नवे परवाने देणे बंद झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली महू येथील लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयात देशपातळीवरच्या संघटनेची सुरुवात झाली, आणि १९५४ पासून ती अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाते. या परवान्यावर धंदा करता येत नाही आणि गाणीही लावता येत नाहीत. मग मोबाइलच्या जमान्यात या खेळण्यांवरून भांडण कसले, असा प्रश्न पत्रात विचारला आहे. त्याच्या उत्तरासाठी इतिहासात जाण्याची गरज नाही, ३ जून २०२० हा एक दिवस पुरेसा आहे.

त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मंडणगड आणि दापोली तालुके झोडपून काढले. माझे घर आंजर्ल्याच्या परिसरात आहे. संध्याकाळपर्यंत आमच्या वाडीतले निम्म्याहून अधिक माड आडवे झाले होते, पोफळींची तर मोजदादच नव्हती. कौले उडाली, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे टॉवर मुके झाले, आणि वीज परत यायला आमच्याकडे कित्येक आठवडे लागले. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईहून आलेली बरीच माणसे गावच्या शाळेत विलगीकरणात होती आणि त्यांचे नातेवाईक तिकडे फोन लावून लावून हवालदिल झाले होते. माझी चाळीस मीटर बँडची, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या लहरींसाठीची, अँटेनाची तार ज्या माडाला बांधलेली होती तो माडच उन्मळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोडक्या माडाच्या बुंध्यापासून विहिरीच्या रहाटाच्या खांबापर्यंत वीसेक मीटर तार पुन्हा ताणली, गाडीची बॅटरी काढून सेटला जोडली आणि सात मेगाहर्ट्झवर हाक घातली. कमी उंचीवर बांधलेल्या तारेतून ही लहर बरीचशी सरळ वर जाते आणि आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून पुन्हा खाली येते, त्यामुळे मध्ये सह्याद्री असला तरी तिचे काही अडत नाही. साडेदहाच्या सुमारास पुण्याच्या एका हॅमने उत्तर दिले. एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोचवणे हे आमचे काम नव्हे, परंतु आपत्तीच्या काळात आंतरराष्ट्रीय नियमही त्याला मुभा देतात. दोन दिवसांत माझ्या वहीची बरीच पाने नावे, फोन नंबर आणि ‘सुखरूप आहोत, छप्पर गेले’ अशा एका ओळीच्या निरोपांनी भरली, आणि त्या पुण्याच्या गृहस्थांनी एकेका नंबरला स्वतःच्या खर्चाने फोन केला. त्यांना मी अद्याप प्रत्यक्ष भेटलेले नाही.

हे स्वतःची पाठ थोपटून घेण्यासाठी सांगत नाही. त्या दोन दिवसांत काय झाले ते मला पुढे महिन्याभराने कळले. केळशीच्या बाजूला आमचाच एक सभासद याच वेळी असाच उद्योग करीत होता, दापोली शहरात आणखी एक जण सेट लावून बसला होता, आणि आम्हा तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कारण अशा वेळी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती वाजता आणि कोणी हजेरी घ्यायची, हे संघटनेने कधी ठरवलेच नव्हते. दापोलीतल्या सभासदाच्या घरापासून तहसील कार्यालय चालत जाण्याजोगे आहे. माझ्याकडे आजारी माणसांची आणि इन्सुलिन संपत आलेल्यांची यादी होती. ती यादी पुण्याला गेली, तेथून फोनने रत्नागिरीला गेली आणि तेथून पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरून दापोलीला पोचली, तीही दुसऱ्या दिवशी. मधे काय होते? एक खाडी आणि एक चढ.

रिपीटरची कल्पना त्यातूनच पुढे आली. हातातल्या पाच वॉटच्या सेटची व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च फ्रिक्वेन्सीची, लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, आणि आमच्याकडे तर दर दोन गावांमध्ये डोंगर नाहीतर खाडी आहे. उंचावर रिपीटर बसवला म्हणजे तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर त्याच क्षणी तेच अधिक जोराने सांगतो, त्यामुळे डोंगराच्या दोन्ही अंगांची गावे एकमेकांना ऐकू येतात. लोकांनी सढळ हाताने पैसे दिले. यंत्र आले, बसले, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकत गेले तेव्हा त्याने इमानाने काम केले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ जुलैला, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा मात्र तो बंद होता.

बंद होता तो बॅटरीमुळे. खाऱ्या हवेने तिचे टर्मिनल गंजले होते आणि जूनमध्येच तिने मान टाकली होती. नवी घेण्याइतके पैसे बँकेत होते, परंतु काढता येत नव्हते. खात्यावर सही करणाऱ्या दोघांपैकी एक आदल्या वर्षी निवर्तले होते. आमच्यात अशा माणसाला ‘सायलेंट की’ म्हणतात, म्हणजे ज्याची मोर्सची कळ कायमची थांबली तो. दुसरे मुलाकडे परगावी राहायला गेले होते. बँकेने नव्या पदाधिकाऱ्यांची धर्मादाय कार्यालयातील नोंद मागितली आणि तशी नोंदच नव्हती, कारण आधीच्या दोन्ही निवडींनंतर बदल अर्ज, ज्याला त्या कार्यालयात सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दाखलच झालेला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या बाविसाव्या कलमाखाली तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो. शेवटी एका सभासदाने पदरचे पैसे घातले, परंतु तोवर रस्ते बंद झाले होते, आणि बॅटरी डोंगरावर चढली ती पूर ओसरून लोक घरातला चिखल काढू लागल्यानंतर. त्या दोन दिवसांत आमचा चिपळूणचा सभासद वरच्या मजल्यावर चालू सेट हातात धरून एका बहिऱ्या डोंगराला हाका मारीत बसला होता.

याचा दोष मी एका माणसाच्या माथी मारत नाही. मीही त्या कार्यकारिणीत होते. ‘सर्व पदाधिकारी सर्वानुमते पूर्ववत’ हा ठराव ज्या सभेत चहा येण्याआधी मंजूर झाला, त्या सभेच्या इतिवृत्तावर माझीही सही आहे, आणि पुढे कागदपत्रांचे काय झाले हे विचारण्याची तसदी मीही घेतली नाही. कोणी कोणाविरुद्ध उभेच राहिले नव्हते, त्यामुळे नवे काही घडले आहे आणि ते कोठेतरी नोंदवायचे आहे, असे आम्हा कोणाला वाटलेच नाही.

बिनविरोध या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावात पेढे वाटतात. त्यामागची भावना मी समजू शकते, कारण लहान गावात सकाळी ज्याच्याविरुद्ध मत द्यायचे त्याच्याच आगरातून संध्याकाळी जायचे-यायचे असते. परंतु आमच्याकडची बिनविरोध निवड म्हणजे सर्वांची संमती नव्हे. सभेच्या आदल्या संध्याकाळी चारपाच जण कोणाच्या तरी पडवीत बसतात, सरबत होते, नावे ठरतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना ती वाचून दाखवली जातात; हात वर करायला सांगितले जाते तेही छायाचित्रासाठी. आता ज्या छंदासाठी आम्ही एकत्र येतो त्याचा दंडक पाहा. हौशी केंद्रावरून अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई आहे. जे बोलायचे ते स्वतःचे कॉलसाइन सांगून आणि ज्याला ऐकायचे आहे त्याला ऐकता येईल असे बोलायचे. (मोर्स ही गुप्त लिपी आहे असा पुष्कळांचा समज असतो. ती गुप्त नाही, फक्त शिकावी लागते.) वर्षभर जगाला ऐकू जाईल असे बोलणारी माणसे वर्षातून एकदा पडवीत बसून कुजबुजतात, हे मला विसंगत वाटते.

यंदा अर्ज भरण्यापूर्वी मी मतदारयादी मागितली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याच्या पंधराव्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेली आहे त्याला मत देता येत नाही, किंबहुना त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. आमच्या यादीत निधन पावलेल्यांची नावे होती, परवाना सोडून दिलेल्यांची होती, एका सभासदाचे नाव दोन पत्त्यांवर दोनदा होते, आणि वर्गणीची वही शेवटची कधी लिहिली गेली हे अक्षराच्या वळणावरून ठरवावे लागले. इतकी वर्षे मतदान झालेच नाही, म्हणून यादीची गरज कोणाला पडली नव्हती. दुसरा अर्ज आला म्हणून ती यादी तपासली गेली, थकबाकीदारांना पत्रे गेली आणि बऱ्याच जणांनी वर्गणी भरली. मतपेटी अजून उघडलेलीही नाही. तरी एवढे काम झाले आहे.

आता पत्रातील बोचऱ्या वाक्याकडे वळते. ज्यांनी बोट धरून शिकवले त्यांच्याच विरुद्ध उभे राहणे ही कृतघ्नता नव्हे काय, असे त्यांनी विचारले आहे. विद्यमान सचिव, ज्यांना मी काका म्हणते, माझे गुरू आहेत, हे खरे आहे, आणि मी ते कधीही लपवलेले नाही. ते आयुष्यभर बोटीवर रेडिओ अधिकारी होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर जीएमडीएसएस ही उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रांवर चालणारी संकटसंदेशांची व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, मोर्स ऐकणाऱ्या माणसाची जहाजाला गरज उरली नाही, आणि जगभरातल्या रेडिओ अधिकाऱ्यांबरोबर काकाही किनाऱ्यावर उतरले ते कायमचे. घरी कुढत बसण्याऐवजी त्यांनी गावातल्या मुलांना गोळा केले. ठिपके आणि रेघा कागदावर पाठ करायच्या नाहीत, कानाने ओळखायच्या, हा त्यांचा हट्ट असे. भिंतीवरचा मोर्सचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलेला मी पाहिलेला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, परंतु लहरीची लांबी आणि तारेची लांबी यांचे नाते मला पुस्तकातून नव्हे, तर काकांनी अंगणात सुंभ टाकून पावलांनी मोजून दाखवले तेव्हा समजले.

अर्ज भरण्याआधी मी त्यांच्या घरी गेले आणि ओटीवर बसून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाले, “अनुमोदकाची सही राहिली गो. असा दिलास तर छाननीत बाद करतील.” त्यानंतर बराच वेळ आम्ही त्या जुलैच्या बॅटरीबद्दल बोललो. कागद आपल्याला जमत नाहीत हे ठाऊक आहे, असे ते म्हणाले. पण आपणहून पद सोडले तर लोक म्हणतील म्हातारा थकला. मी म्हटले, काका, आणि मी उभी राहिले नाही तर लोक म्हणतील हिला नुसते बोलता येते. त्यावर ते हसले. ते उभे राहणार आहेत आणि मीही राहणार आहे. (हा प्रसंग छापण्यास त्यांची हरकत नाही, मी विचारून घेतले आहे.) यात कोणाचा अवमान झालाच असेल, तर तो आम्हा दोघांच्या अद्याप लक्षात आलेला नाही.

काही हितचिंतकांनी मला उपाध्यक्षपद सुचवले. ते मानाचे आहे आणि महिलेला शोभतेही, असे त्यांचे म्हणणे. आमच्या घटनेत उपाध्यक्षाचे काम म्हणून एकच वाक्य आहे: अध्यक्षांच्या अनुपस्थितीत अध्यक्षस्थान भूषविणे. आणि आमचे अध्यक्ष सभा कधी चुकवीत नाहीत. सचिवाला रात्री-अपरात्री डोंगरावर जावे लागते, अशीही काळजी व्यक्त झाली. भारती प्रसाद या हॅम डिसेंबर २००४ मध्ये आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवण्यासाठी गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि अंदमानचे फोन बंद पडले असताना त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीकडे निरोप जात राहिले. त्यापुढे आमच्या डोंगराची चढण ती काय! शिवाय बॅटरी खांद्यावरून वर नेणे हे सचिवाचे कामच नव्हे. ती वेळेवर बदलली गेली की नाही, हे वहीत पाहणे त्याचे काम आहे.

निवडून आल्यास काय करणार, असे सभासद विचारतात, आणि ते रास्तच आहे. मी कोणालाही नवा सेट, नवे सभागृह किंवा परदेशातील संमेलन कबूल केलेले नाही. दर रविवारी सकाळी आठ वाजता आधी रिपीटरवर आणि मग सात मेगाहर्ट्झवर हजेरी घ्यायची. कोण आले, कोणाचा आवाज कसा आला, कोण किती आठवडे गप्प आहे, हे लिहून ठेवायचे, एवढेच माझे म्हणणे आहे. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, तसे मला एका सभासदाने तोंडावर सांगितलेही. परंतु वर्षभर हजेरी झालेली असेल तर वादळाच्या दिवशी कोणी कोणाला शोधावे लागत नाही. माणसे सवयीने त्याच जागी येतात. पूर्वी ज्यांचा आवाज स्वच्छ येत असे त्या लांबच्या गावांचा आवाज तुटू लागला, किंवा बोलता बोलता रिपीटर मध्येच बसू लागला, तर अँटेनाची केबल पाणी प्यायली आहे की बॅटरी दमली आहे हे पावसाळ्याच्या आधी कळते. आणि एखादे कॉलसाइन तीन रविवार ऐकू आले नाही, तर त्या घरी जाऊन कोणीतरी पाहून येते की सेट आजारी आहे की माणूस. आमचे बरेच सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांपैकी काही जण घरात एकटे राहतात.

हजेरीची वही असली की बाकीची कामे तिच्यामागून येतात, असा माझा अंदाज आहे. सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी सादर करणे, बदल अर्ज, हिशेब तपासणी, ही कामे कोणालाच आवडत नाहीत, आणि मला ती आवडतात असा दावाही मी करणार नाही. मला ती करता येतात, इतकेच. मुलांच्या परीक्षेच्या तयारीचे वर्ग काकाच घेतील, निकाल काहीही लागो. त्यात मी हात घालणार नाही, कारण ते माझ्याहून चांगले शिकवतात.

सभेच्या जागेबद्दल मात्र मी आग्रही आहे. संघटना किनाऱ्याची आणि वार्षिक सभा मुंबईला, हा प्रकार कित्येक वर्षे चालू आहे. नोकरीनिमित्त पुष्कळ सभासद तिकडे आहेत, हे कारण एके काळी खरे होते. आता त्यांतले बरेच जण निवृत्त होऊन गावी परतले आहेत आणि सभा तेवढी तिकडेच राहिली आहे. देवगडच्या सभासदाने दोन तासांच्या सभेसाठी रात्रभर प्रवास करावा, ही अपेक्षा योग्य नाही. सभा मे महिन्यात घ्यावी असे काही जण सुचवतात, कारण तेव्हा सगळे गावी असतात. परंतु आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून सभेला कोण येणार? गणपतीत आणि शिमग्यात तर सभेचे नावही काढू नये. दिवाळीनंतर, रस्ते सुकल्यावर, चिपळूणला सभा घेतली तर श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या माणसाला रेल्वेने किंवा महामार्गाने पोचता येते. यंदाची सभा तशी व्हावी असे पत्र अकरा सभासदांच्या सह्यांनी दिलेले आहे. त्यावर निर्णय झालेला नाही.

मी वायुलहरींवरून मते मागितल्याचे पत्रात सूचित केले आहे. हे खरे नाही. हौशी केंद्रावरचे बोलणे प्रयोग, तांत्रिक बाबी आणि किरकोळ वैयक्तिक गोष्टी यांपुरते ठेवावे, असा नियमांचा आशय आहे. निवडणूक त्यात बसते की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा, मी त्या वाटेला गेलेले नाही. प्रत्येक सभासदाला मी एकेक पोस्टकार्ड पाठवले आहे. प्रत्येक संपर्काची पोच म्हणून एकमेकांना कार्ड पाठवण्याची, म्हणजे क्यूएसएलची, ज्यांना आयुष्यभराची सवय आहे त्यांना पोस्टकार्ड मिळाले की बरे वाटते. चौघांनी उत्तरादाखल आपापले जुने क्यूएसएल कार्ड पाठवले. मत कोणाला देणार ते एकानेही लिहिलेले नाही.

फूट पडेल, ही पत्रलेखकांची भीती मात्र मी निराधार म्हणणार नाही. निवडणुकीनंतर दोन गट एकमेकांच्या घरच्या कार्याला जायचे बंद झाले, असे मी आमच्याच तालुक्यात पाहिले आहे, आणि आमच्या संघटनेत माणसे इतकी थोडी आहेत की त्यांतली निम्मी रुसली तर रविवारी ऐकणार कोण, हा प्रश्नच आहे. म्हणून काकांनी आणि मी एक गोष्ट आधीच ठरवून अध्यक्षांना लेखी कळवली आहे. जो हरेल त्याने कार्यकारिणीत राहायचे, आणि निकालानंतरच्या पहिल्या रविवारची हजेरी हरलेल्यानेच घ्यायची.

जाता जाता एक दुरुस्ती करायची आहे. रिपीटर ‘सभासदांच्या वर्गणीतून’ उभा राहिला, असे पत्रात म्हटले आहे. सभासदांचा वाटा त्यात होता, परंतु मोठा भाग सभासद नसलेल्या लोकांच्या देणग्यांचा होता, आणि त्यांच्या पावतीपुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या स्थळप्रती आज सापडत नाहीत. २०२० च्या पावसाळ्यापासून २०२१ च्या मे महिन्यापर्यंत ज्यांनी देणगी दिली आणि ज्यांच्याकडे पावती शिल्लक आहे, त्यांनी तिची छायाप्रत पावतीवर छापलेल्या पत्त्यावर, विद्यमान सचिवांच्या नावे, पाठवावी. निवडणुकीच्या निकालासाठी थांबू नये. लेखापरीक्षकांना ती यादी या महिनाअखेरपर्यंत हवी आहे.

आपली विश्वासू,
एक परवानाधारक हॅम आणि सचिवपदाची उमेदवार
ता. दापोली, जि. रत्नागिरी